व्रन्याच्का बान्या या सर्बियातल्या गावात युवा-विनिमय: ऑगस्ट चालेल का?

प्रश्न: जर्मनीतला 16 ते 19 वयाच्या मुलांचा गट इरॅस्मस प्लसमधून (युरोपियन युनियनची शिक्षण-युवा योजना) सर्बियाला न्यायचाय. नियम काय आहेत?

उत्तर 1: ऑगस्ट टाळाच. तेव्हा तिथे लव्हफेस्ट हा संगीत महोत्सव, जुलैत कार्निव्हल. खोल्या मिळणं कठीण. योजनेचे नियम असे: प्रवास सोडून 5 ते 21 दिवस, सगळे गट मिळून 16 ते 60 मुलं, प्रत्येक गटात किमान 4. गटप्रमुख 18 वर्षांचा हवा, पण तो या चौघांत धरत नाहीत. गफलत होते ती इथेच.

उत्तर 2: परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे 24 तासांत नोंद लागते. हॉटेल करतं, खासगी घरात उतरलात तर मालकाकडून 'बेली कार्तोन', म्हणजे नोंदणीचा पांढरा कागद, पहिल्याच दिवशी मागून घ्या.

उत्तर 3: भारतीय पासपोर्टवाली मुलं असतील तर सांभाळा, त्यांना सर्बियाची व्हिसामाफी 1 जानेवारी 2023 पासून बंद आहे.