'सुनेला' खडा घ्यायचाय आईच्या अंगठीसाठी, पण पुडीवर 'गोल्डन टोपाझ' लिहिलंय

सायली_डों

नमस्कार मंडळी,

आई या वर्षअखेरीस शाळेतून निवृत्त होतेय. तिला सोन्याची अंगठी करायची आहे, पिवळ्या खड्याची. ग्रहाबिहांचा प्रश्न नाही, तिला तो रंगच मनापासून आवडतो. साड्या बघाल तर अर्ध्या हळदी नाहीतर शेवंती रंगाच्या. पुष्कराज माझ्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून त्याऐवजी 'सुनेला' नावाचा पिवळा खडा बघायला गेले.

एका दुकानात (नाव लिहीत नाही) मधाच्या रंगाचा लंबगोल खडा खूप आवडला. वजन सव्वापाच रत्ती. पण पुडीवर 'गोल्डन टोपाझ' लिहिलंय, आणि दुकानदार बोलताना एकदा 'सुनेला' म्हणाले, एकदा 'ब्राझीलचा पुष्कराज'. अनामत ठेवून खडा घरी बघायला आणलाय, परवा एकतर पैसे द्यायचे नाहीतर खडा परत करायचा. हा नक्की काय आहे ते घरी कळू शकेल का? आणि रोज घालायला टिकेल का? आई भांडी घासताना अंगठी काढून ठेवणाऱ्यांतली नाही.

अजून एक. भावाला दगड जमवायचा नाद आहे. एका प्रदर्शनात 'सिट्रीन' म्हणून गर्द नारिंगी टोकांच्या स्फटिकांचा मोठा गुच्छ बघितला. त्याच्यासाठी घ्यावा का?

खडेवाली

सायली, आधी हे सांगते की सुनेला घ्यायचं ठरवलंस ते फार छान केलंस. झवेरी बाजारात काउंटरला असताना मी कितीतरी जणांना सुनेला 'पुष्कराज परवडत नाही म्हणून' पडलेल्या चेहऱ्याने घेताना पाहिलंय, आणि मला दर वेळी वाईट वाटायचं. हा स्वतःच्या जिवावर सुंदर असलेला खडा आहे. फक्त तो सुनेला म्हणून घ्यावा आणि सुनेल्याच्या भावाने घ्यावा.

तुझ्याकडे तीन नावं आली आणि ती तीन वेगवेगळ्या खनिजांची आहेत. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, कुरुंद जातीचा. टोपाझ वेगळा. आणि सुनेला म्हणजे सिट्रीन, क्वार्ट्झ, आपल्या स्फटिकाचा पिवळा भाऊ. पुष्कराजाचा भाव कॅरेटला हजारांत चालतो, सुनेल्याचा शेकड्यांत. त्यामुळे पुडीवर काय लिहिलंय याने खूप फरक पडतो.

खडा सुटा आहे हे तुझं नशीब, कारण घनता घरी काढता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा कुणाकडून तरी मिळव. आधी खडा कोरडा तोल आणि आकडा लिहून ठेव. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आण. खडा बारीक दोऱ्याला बांध आणि पाण्यात पूर्ण बुडव, पण वाटीच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नकोस. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने पहिल्या आकड्याला भाग. क्वार्ट्झ असेल तर २.६५ च्या आसपास येईल, टोपाझ असेल तर ३.५, पुष्कराज असेल तर ४. खड्याला बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं, म्हणून पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाक. दोन-तीनदा करून बघ.

एक मर्यादा लक्षात ठेव. काही काचांची घनताही २.५ च्या आसपास असते. त्यासाठी दहापट भिंगातून बघ. आत गोल बुडबुडे दिसले, किंवा पैलूंच्या कडा धारदार नसून गोलसर, झिजल्यासारख्या दिसल्या, तर संशय घे. आणि प्रयोगशाळेत वाढवलेला सिट्रीनही बाजारात भरपूर आहे. तो खरंच क्वार्ट्झ असतो, त्यामुळे घनता, चमक सगळं तेच. तो ओळखणं लॅबचं काम.

आता तापवण्याबद्दल, कारण कुणीतरी 'हा नकली, भाजलेला आहे' असं सांगून तुला घाबरवेलच. बाजारातला बहुतेक सुनेला म्हणजे तापवलेला अ‍ॅमेथिस्ट. ब्राझीलचा जांभळा क्वार्ट्झ साधारण ४०० ते ५५० अंश सेल्सिअसला तापवला की त्यातल्या लोहामुळे तो पिवळा ते नारिंगी होतो. हा रंग कायमचा असतो, धुतल्याने किंवा घामाने जात नाही. मुळातच पिवळा असलेला सिट्रीन दुर्मीळ, आणि बहुधा फिका, किंचित धुरकट. अंगठीसाठी मी तापवलेल्याला अजिबात नाही म्हणणार नाही, फक्त कुणी 'न तापवलेला' सांगून जास्त पैसे मागितले तर देऊ नकोस. साध्या तपासणीत तापवल्याचं सिद्ध करता येत नाही.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, घडण बघ. खडा वर्तमानपत्रावर पालथा नाही, सरळ ठेव आणि वरून बघ. मधोमध खालची अक्षरं वाचता येत असतील तर पोट उथळ कापलंय आणि प्रकाश खालून निसटतोय. क्वार्ट्झला खालच्या पैलूंचा कोन ४१ अंशांच्या वर लागतो, त्याखाली गेला की मधला भाग मेल्यासारखा दिसतो. वजन वाचवायला अशी घडण सर्रास करतात. अशा खड्याला रंग कितीही चांगला असो, अंगठीत तो निस्तेजच राहतो.

आबा_ज

सायलीताई, तुम्ही ग्रहांचं विचारलं नाही, तरी आईंना कुणी विचारेल म्हणून लिहितो. सुनेला हे गुरूचं उपरत्न मानतात. उजव्या हाताच्या तर्जनीत, सोन्यात, गुरुवारी घालण्याची पद्धत आहे. पुष्कराज परवडत नसेल तर सुनेला घ्या असं आमच्याकडे वडीलधारे सांगत आलेत. खडेवालीताईंना विचारायचं होतं, तापवलेला खडा या कामाला चालतो का?

खडेवाली

आबा, नमस्कार. चालतो की नाही हा श्रद्धेचा भाग आहे आणि त्यात मी बोलू नये. खनिज म्हणून सांगते, तापवल्यावरही तो क्वार्ट्झच राहतो, दुसरं काही होत नाही. ज्यांना न तापवलेलाच हवा असतो त्यांना मी फिका, लिंबाच्या सालीसारखा रंग स्वीकारायची तयारी ठेवायला सांगते. शिवाय श्रद्धेने घेणाऱ्याची फसवणूक जास्त होते, ते बघून मला फार राग येतो. 'सव्वापाच रत्तीच हवा' असं गिऱ्हाईक म्हणालं की वजन भरायला पोट फुगवलेला, गढूळ खडा गळ्यात मारतात. खड्यांची रत्ती साधारण ०.९१ कॅरेट धरली तर सव्वापाच रत्ती म्हणजे ४.८ कॅरेटच्या आसपास. वजनासोबत खड्याची लांबी-रुंदीही विचारावी. क्वार्ट्झ हलका, त्यामुळे तेवढ्या वजनात तो पुष्कराजापेक्षा बराच मोठा दिसायला हवा.

दगडगोटे

गुच्छाबद्दल मी सांगतो, हा माझा विषय. सायली, टोकं गर्द नारिंगी आणि मुळाशी पांढरंफटक, चुन्यासारखं? आणि खाली राखाडी खडकाचा पातळ थर? तर तो भट्टीत तापवलेला अ‍ॅमेथिस्टचा तुकडा आहे. दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेच्या बेसाल्टमधल्या (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातल्या) पोकळ्यांत हे जांभळे स्फटिक येतात, आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये झिओलाइट नावाच्या खनिजांचे येतात तसेच. तापवल्यावर ते ठिसूळ होतात, हाताळताना कण सुटतात. पूजेच्या कपाटात ठेवायला कुणी घेत असेल तर घेवो, पण संग्रहासाठी मी घेणार नाही, कारण संग्राहकाला दगड जमिनीतून निघाला तसा हवा असतो.

भावाला खरा सिट्रीन द्यायचा तर एकेरी स्फटिक शोध. काँगो, झांबिया, मादागास्करचे येतात. रंग गवती ते मधाळ, थोडी धुरकट झाक, आणि रंग टोकाला एकवटलेला नसून अंगभर पसरलेला. विकणाऱ्याला खाणीचं ठिकाण विचार आणि चिठ्ठीवर लिहून घे. ठिकाण न सांगता नुसतं 'नॅचरल' म्हणणाऱ्याकडून मी काही घेत नाही. (धुरकट क्वार्ट्झ तापवूनही पिवळा करतात, त्यामुळे एकेरी स्फटिक दिसला म्हणून लगेच विश्वास ठेवू नकोस.)

माझ्या संग्रहातला सगळ्यात लाडका तुकडा अमेट्रीनचा आहे. एकाच स्फटिकात अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, मधली सीमा आखल्यासारखी. बोलिव्हियाच्या अनाही खाणीतला. माझ्याकडे आडवा कापून पॉलिश केलेला काप आहे. दिव्यासमोर धरला की त्रिकोणी पाकळ्या दिसतात, एक जांभळी, शेजारची पिवळी, पुन्हा जांभळी. स्फटिक वाढताना वेगवेगळ्या बाजूंना लोह वेगवेगळ्या रीतीने बसलं, तेच उघड्या डोळ्यांना दिसतं. जमवणाऱ्या मुलाला याच्याइतकं शिकवणारा दगड नाही. अमेट्रीन प्रयोगशाळेतही बनतो, तेव्हा ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घे.

आणि जमलं तर भावाला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात घेऊन जा. पैसे खर्च करण्याआधी चांगले नमुने बघून नजर तयार होऊ दे.

सायली_डों

सगळ्यांचे मनापासून आभार! गुच्छ रद्द. भावाला अमेट्रीनचं वाचून दाखवलं, तो आता तेच घेऊन बसलाय.

खड्याचं केलं. शेजारच्या काकांकडे छोटा काटा होता. कोरडं वजन ०.९६ ग्रॅम. पाण्यात आधी ०.३९ आलं, मग बघितलं तर खालच्या टोकाला बुडबुडा चिकटला होता. साबणाचा थेंब टाकल्यावर दोनदा ०.३६. म्हणजे २.६७. टोपाझ नाही हे नक्की ना? भिंगातून बुडबुडे दिसले नाहीत, कडा धारदार आहेत. एका बाजूला रंगाची फिकी-गडद अशी सरळ पट्टी दिसते. वर्तमानपत्रावर ठेवला तर अक्षरं दिसत नाहीत, नुसते पिवळे तुकडे चमकतात. लांबी जेमतेम १२ मिलिमीटर.

खडेवाली

शाब्बास! टोपाझ असता तर पाण्यातला आकडा ०.२७ च्या आसपास आला असता. तुझा खडा क्वार्ट्झ आहे. कोनात गेलेली सरळ रंगपट्टी अ‍ॅमेथिस्टमध्ये नेहमी दिसते आणि तापवल्यावरही राहते, त्यामुळे ती बघून मला बरंच वाटलं, पण खाणीतला की प्रयोगशाळेतला हे तेवढ्यावरून ठरत नाही. मन शांत व्हायचं असेल तर लॅबमध्ये दे. एवढ्या किमतीच्या खड्याला सर्टिफिकेटचा खर्च जड वाटू शकतो, तो तू ठरव. घडण चांगली आहे, आणि मी असते तर घेतला असता.

टिकण्याचं सांगायचं राहिलं होतं. क्वार्ट्झची कठीणता ७. टोपाझची ८, पण टोपाझ एका ठरावीक पातळीत सरळ फाटतो, ओट्यावर आपटला तर दुभंगू शकतो. क्वार्ट्झला अशी फाटायची जागा नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याचा शत्रू आहे घासणं. घरातल्या धुळीतसुद्धा क्वार्ट्झचेच कण असतात, त्यामुळे रोजच्या वापरात काही वर्षांनी वरच्या पैलूंच्या कडा बोथट होतात. तेव्हा पुन्हा पॉलिश करून घेता येतं, कारागीर मुंबईत आणि जयपूरला मिळतात.

आई भांडी घासताना काढणार नाहीत म्हणतेस, तर नख्यांची अंगठी करू नकोस. खड्याला चहूबाजूंनी सोन्याचा काठ असलेलं कोंदण करून घे, आणि काठ खड्याच्या कमरेच्या (सगळ्यात रुंद कडेच्या) किंचित वर येऊ दे. पाठ मात्र उघडी ठेवायला सांग. बंद पाठीत साबण आणि पीठ साचतं, पंधरवड्यात खडा मळकट दिसायला लागतो. उघड्या पाठीतून कोमट पाणी, साधा साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश एवढ्याने चमक परत येते. वाफेच्या मशीनने साफ करू देऊ नकोस. पुढे कधी अंगठी लहान-मोठी करायची झाली तर डाग देण्याआधी (सोनं ज्योतीवर जोडण्याआधी) खडा काढायलाच लाव, ज्योतीची धग लागली तर रंग बदलतो किंवा तडा जातो.

परवा पैसे देताना बिलावर 'सिट्रीन (सुनेला), क्वार्ट्झ' असं लिहून घे, वजन कॅरेटमध्ये, आणि 'नैसर्गिक' म्हणत असतील तर तोही शब्द लिहायला लाव. ते 'गोल्डन टोपाझ'वर अडून बसले तर तुझे दोन आकडे त्यांना दाखव. भाव टोपाझचा लावलेला असेल तर सुनेल्याचा लावायला सांग. ऐकलं नाही तर खडा परत कर, अनामत घे आणि मला इथे लिही. या रंगाचे खडे शोधायला मी तुझ्याबरोबर येईन.