चर्ट थांबतो ती जागा

पर्मियनअखेरच्या महाविनाशात उथळ समुद्रच भरडला गेला, खोल महासागर सुटला, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जपानमध्ये इनुयामाला किसो नदीकाठी लाल चर्टच्या, म्हणजे सिलिकाच्या कठीण गाळखडकाच्या, चळती दिसतात: दोन-तीन बोटं जाडीचा थर, मग शेलची (चिखलापासून बनलेल्या खडकाची) पातळ पट्टी, पुन्हा थर. पँथालासा या तेव्हाच्या अवाढव्य महासागराच्या तळावर रेडिओलेरिया या तरंगणाऱ्या एकपेशीय जीवांचे सिलिकाचे सांगाडे साचून असा चर्ट बनला, तोही हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर! पुढे समुद्रतळाच्या प्लेटबरोबर सरकत तो जपानला येऊन चिकटला.

जपानमधल्या अशाच खडकांत सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या, पर्मियन आणि त्यापुढचा ट्रायासिक काळ यांच्या सीमेवर चर्ट थांबतो आणि काळा, कार्बनयुक्त चिकणखडक सुरू होतो. म्हणजे तळाशी ऑक्सिजन नाही आणि वरून पडणारे सांगाडेही अगदी तुरळक. चर्ट पुन्हा नीट साचायला काही दशलक्ष वर्षं गेली.

चर्टचा तुकडा पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवला की पृष्ठभाग झिजतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी, जाळीदार गोळे उठून दिसतात. पर्मियनमधले आल्बायलेलेरिया गटातले रेडिओलेरिया सीमेनंतर जवळपास नाहीसे होतात. ट्रायासिकमध्ये घंटेच्या आकाराचे नासेलेरिया हा दुसरा गट फोफावतो. खोल समुद्र सुटला असता, तर ही अदलाबदल दिसलीच नसती.