प्री-मेड आणि सायन्सचं डबल मेजर: लेकीला आवरू की जाऊ देऊ?

एडिसनची_आई
लेक न्यू जर्सीत सोफोमोर आहे, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, बायोलॉजी मेजर (मुख्य विषय), मेडिकलला जायचंय. परवा जेवताना ताटाशेजारी लॅपटॉप उघडून एक्सेल दाखवलं. आता केमिस्ट्रीचंही मेजर करणार! पुढची चारही सेमिस्टर 18-18 क्रेडिट. ऑरगॅनिकची लॅब गुरुवारी संध्याकाळी 6 ते 9. सगळे चौकोन रंगीत, पांढरा एकही नाही. बाबा खूश, "दोन-दोन मेजर!" माझ्या मात्र पोटात गोळा. आम्ही दोघंही इंजिनिअर, यातलं ओ की ठो कळत नाही. डबल मेजरला मेडिकल स्कूलवाले जास्त भाव देतात का?

रात्रपाळी
नाही हो ताई. हाच शहाणपणा करून आता रेसिडेन्सीत (डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग) आहे, म्हणून सांगतो.

त्यांना लागतं ते साधारण एवढंच: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, सगळं लॅबसकट, वर बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री. मेजर कुठलंही चालतं. माझं दुसरं मेजर फिजिक्स. ज्युनियर इयरला (तिसऱ्या वर्षी) क्वांटम आणि फिजिकल केमिस्ट्री एकाच सेमिस्टरला घेतलं आणि क्वांटममध्ये सी प्लस आला. अ‍ॅमकॅसच्या, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या सामाईक अर्जात बायो, केम, फिजिक्स, मॅथ यांचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढतात. कुठल्याही मेडिकल स्कूलने न मागितलेला तो सी प्लस तिथे जाऊन बसला. कोर्स पुन्हा केला तरी दोन्ही ग्रेड धरतात. मग एक वर्ष थांबलो, इमर्जन्सीत स्क्राइब म्हणून, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी लिहून घ्यायचं काम केलं. इंटरव्ह्यूत सगळे त्याबद्दलच विचारत होते. क्वांटमचं कुणी नावही काढलं नाही.

आणि एमकॅटचे, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे, चार भाग असतात, त्यातल्या एकात नुसते उतारे, सायन्स औषधालाही नाही. त्या एक्सेलमध्ये एमकॅटचा अभ्यास, शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून काम बघणं), व्हॉलंटियरिंग कुठल्या रंगात आहे ते जरा बघा.

कोथरूडकर_काका
म्हणजे आपल्याकडे पीसीएमबी घेतात तसंच ना? दोन्ही दारं उघडी राहतात. घेऊ द्या की.

रात्रपाळी
काका, तिकडे गणितात कमी पडले म्हणून नीटचे मार्क कमी होत नाहीत. इथे कॉलेजचा प्रत्येक ग्रेड अर्जाला चिकटतो.

फिलीची_मावशी
सगळे हिशेबच करताय! मुलीला केमिस्ट्री आवडते का? आवडत असेल तर करू दे, आवडीच्या विषयात ग्रेडही बरे येतात. नाहीतर मायनर (दुय्यम विषय) आहेच, निम्म्याहून कमी कोर्स. माझा भाचा बायोलॉजीबरोबर स्पॅनिश शिकला. आता क्लिनिकमध्ये दुभाष्या लागत नाही त्याला.

एडिसनची_आई
विचारलं. आधी म्हणाली आवडते. मग भांडी लावता लावता म्हणाली, "रूममेट करतेय म्हणून." गुरुवारची लॅब कशीही सुटत नाही म्हणे, ऑरगॅनिक लागतंच. पण फिजिकल केमिस्ट्रीचे दोन चौकोन पांढरे केलेत. बाबा रुसलेत.