मदत हवी आहे : ‘पाव’ या शब्दाच्या जुन्या नोंदी

‘पाव’ या दोन अक्षरी शब्दावर मी एक टिपण लिहीत असून त्यासाठी सदस्यांचे साहाय्य हवे आहे. ‘पाव किलो’मधील पाव हा संस्कृत ‘पाद’, म्हणजे चौथा भाग, यावरून आला असून सव्वा (सपाद) आणि पाऊण (पादोन) हे त्याचेच भाऊबंद आहेत. ‘देवा, मला पाव’ यातील पाव मात्र ‘पावणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे. खाण्याचा पाव या दोघांचाही कोणी लागत नाही. तो पोर्तुगिजांबरोबर आला, त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’मध्ये आहे आणि त्याच पोर्तुगीज शब्दावरून जपानी लोक पावाला ‘पान’ म्हणतात. पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती मला छातीठोकपणे सांगण्यात आली होती. ती गमतीदार आहे, इतकेच.

एकोणिसाव्या शतकातील किंवा त्याआधीच्या मराठी अथवा कोकणी लेखनात खाद्यपदार्थ या अर्थाने ‘पाव’ कोणाच्या वाचनात आला असल्यास कृपया ग्रंथाचे नाव, वर्ष आणि मूळ वाक्य कळवावे. गोव्यातील सदस्यांनी पोदेराकडील (पाव भाजून विकणाऱ्याकडील) उंडो, पोय अशा प्रकारांपैकी नुसते ‘पाव’ म्हटल्यावर घरात नेमके काय समजले जाते, तेही सांगावे.