बास्क शेतघराचं वय लाकडातल्या वलयांवरून नक्की कसं काढतात?

भटकभवानी:
नुकतीच स्पेनच्या बास्क भागात जाऊन आले. गिपुस्कोआमधल्या एस्किओ गावात इगार्तुबेइती म्हणून जुनं बासेरी आहे (तिकडचं शेतघर, आता म्युझियम केलंय), वरच्या मजल्यावर सायडरसाठी सफरचंदं दाबायला ही अवाढव्य ओकची तुळई, तिच्या टोकाला लाकडी स्क्रू आणि त्याला लटकवलेला दगड, बघताना वाटतं आधी यंत्र उभं केलं आणि मग त्याच्यावर छप्पर टाकून माणसं-गुरं राहायला आली. घर 16व्या शतकातलं. अशा घरांचं वय वलयांवरून काढतात म्हणे. पण वलयं मोजून झाड किती वर्षांचं होतं ते कळेल ना, कुठल्या साली तोडलं ते कसं कळणार? आणि खांब तर चारी बाजूंनी तासलेले, साल औषधालाही नाही.

वलयांकित:
मोजणं हा त्यातला सोपा भाग झाला, खरी गंमत क्रमात आहे. एका भागातल्या ओकना चांगलं वर्ष गेलं तर सगळ्यांचीच वलयं रुंद, वाईट गेलं तर अरुंद, त्यामुळे रुंद-अरुंद-अरुंद-रुंद असा जो आलेख तयार होतो तो सहसा परत जसाच्या तसा येत नाही. आज उभ्या असलेल्या झाडापासून सुरुवात करायची, त्याची सुरुवातीची वर्षं एखाद्या जुन्या तुळईच्या शेवटच्या वर्षांशी जुळवायची, तिची त्याहून जुन्या तुळईशी, असं करत मागे जायचं. अमेरिकेत डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने असंच केलं होतं, 1929 मध्ये एक जळकी तुळई सापडली आणि आजच्या झाडांपासूनची साखळी आणि जुन्या तुळयांची साखळी यांच्यामधली फट बुजली. ओक त्यात सोयीचा, वसंतात मोठी छिद्रं पडतात म्हणून वलयं नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

करवत:
सालीचा मुद्दा बरोबर आहे तुमचा, घोडं तिथेच अडतं. सालीखालचं शेवटचं वलय हातात असेल तर तोडल्याचं वर्षच मिळतं. पण सालीलगतचं फिकट लाकूड किडा आधी खातो, म्हणून सुतार तेच तासून टाकायचे. ते थोडं शिल्लक असेल तर त्या भागातल्या ओकमध्ये अशी फिकट वलयं साधारण किती असतात त्यावरून अमुक ते तमुक वर्षं असं सांगता येतं, नुसता गाभा उरला तर ‘या वर्षानंतर कधीतरी’ एवढंच. तोडलं आणि बांधलं यात फार अंतर नसायचं, कारण ओक ओला असतानाच कामाला घ्यायचे, वाळला की हत्यार लागत नाही. मात्र उगाच पडलेली रिकामी खाच दिसली की सावध व्हायचं, ती तुळई आधी दुसरीकडे कुठेतरी नोकरी करून आलेली असते. म्हणून एकाच खांबावर विसंबत नाहीत.

पानगळ:
पुस्तकात हे सगळं छान वाटतं हो, पण बास्क ओक म्हणजे डोकेदुखी आहे. तिथे लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा लागायचा, त्यासाठी झाड मुळापासून न तोडता डोक्यावरच्या फांद्या दर काही वर्षांनी छाटायचे. छाटलं की पुढची काही वलयं एकदम बारीक पडतात, आणि शेजारच्या झाडाला वेगळ्याच वर्षी छाटलेलं असतं! म्हणजे आलेखात हवामान कमी आणि कुऱ्हाड जास्त. त्यात अटलांटिकचा पाऊस, झाडं तहानेने फारशी मरत नाहीत, भरभर वाढतात, त्यामुळे वितीएवढ्या जाड खांबात 50 वलयंही मिळत नाहीत आणि तेवढ्यावर जुळवाजुळव भरवशाची नसते. मग एकाच तुळईतल्या ठरावीक अंतरावरच्या वलयांचं रेडिओकार्बन (लाकडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायची चाचणी) करून बघतात.

भटकभवानी:
अरे बापरे, म्हणजे जंगलात कोणी कधी फांद्या तोडल्या तेही त्यात लिहिलेलं. आता एक सांगा, मी राहिले त्या शेतघरात स्वयंपाकघरातल्या तुळईला गोल लाकडी बुचं मारलेली दिसली, करंगळीएवढी, तीन. तिन्ही एकाच कोपऱ्यात, जिथे तुळई चौकोनी न होता जराशी गोलसर राहिलीये.

करवत:
तो गोलसर कोपरा म्हणजे कुऱ्हाड पोचली नाही ती जागा, फिकट लाकूड तिथेच उरतं. नमुना घेणारा माणूस आधी तेच शोधतो, पोकळ गिरमिटाने कांडी काढतो आणि भोक बुजवून जातो. मालकीणबाईंना विचारा, रिपोर्ट असेल त्यांच्याकडे.

भटकभवानी:
विचारलं आत्ता मेसेज करून. त्या म्हणतात सासऱ्यांच्या वेळी कोणीतरी आलं होतं, किड्याचं औषध मारून गेलं.

करवत:
औषधाच्या भोकांना तीन पुरत नाहीत, अख्ख्या तुळईभर पाडतात. कपाटातले कागद काढायला सांगा त्यांना.