पोराच्या सहीला किंमत नाही, मग हा स्टॅम्प पेपर कशाला?

पेठेतला स्टॉपर
माझा भाचा १४ वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये लेफ्ट विंगला खेळतो. एका निवासी अकादमीत निवड झाली म्हणून बहिणीने पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी मला कराराचे फोटो पाठवले. पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळायचं नाही. मध्येच सोडलं तर राहण्याजेवणाचा, प्रशिक्षणाचा खर्च व्याजासकट आईवडिलांनी भरायचा. शाळेचा मूळ दाखला अकादमीच्या ताब्यात. गुडघा गेला तर उपचार कोण करणार, याबद्दल एक ओळ नाही.

फिफा म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, तिच्या नियमांत १८ वर्षांखालच्या खेळाडूला तीन वर्षांहून जास्त मुदतीचा व्यावसायिक करार करता येत नाही. इथे तर पोराला मानधनही नाही आणि बांधायचं पाच वर्षं!

अकादमीला पैसे मिळू नयेत असं मी म्हणत नाही. पण ते पोराला नेणाऱ्या क्लबकडून घ्यावेत, त्याच्या आईबापाकडून नाही. आमच्या कोल्हापुरात पोरगं तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर उतरायचं ते पेठेचं म्हणून. त्याच्या बापाला कुणी व्याजाचा हिशेब दाखवला नव्हता.

मैदानावरचा मास्तर
असहमत. मी लहानशी अकादमी चालवतो, २२ पोरं राहायला आहेत. अंडी, दूध, बूट, शाळेची फी, रात्री ताप आला तर रिक्षा, सगळं माझ्याकडे. पोरगं सोळाचं झालं की मोठ्या क्लबचा माणूस बापाशी परस्पर बोलतो. पोरगं दिवाळीला घरी जातं ते परत येत नाही. चार वर्षं सांभाळल्यावर साधा फोनही येत नाही.

नेणाऱ्या क्लबकडून घ्या म्हणता. फिफाच्या प्रशिक्षण भरपाईत, म्हणजे नेणाऱ्या क्लबने घडवणाऱ्या क्लबला द्यायच्या पैशांत, १२ ते २१ वयातली वर्षं मोजतात हे मलाही माहीत आहे. पण ती आंतरराष्ट्रीय बदलीला. देशातल्या देशात काय करायचं ते प्रत्येक देशाच्या महासंघावर सोडलंय. शिवाय पैसे जातात संलग्न क्लबला आणि माझी आहे नुसती अकादमी. मला आजवर एक रुपया आलेला नाही. तो कागद कमकुवत आहे हे कळतं मला. पण माझ्या हातात दुसरं काही नाही.

काळा कोट
कायद्यापुरतं सांगतो. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाला, म्हणजे १८ वर्षांखालच्याला, करार करता येत नाही आणि तसा करार मुळातूनच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टाने, १९०३ला मोहोरी बीबी खटल्यात सांगितलं. त्यामुळे मास्तर पोराला अडवू शकत नाहीत.

पण यात पोराचं संरक्षण झालं असं समजू नका. १९४९चा मुंबई उच्च न्यायालयाचा राज रानी विरुद्ध प्रेम अदीब निकाल पाहा. अज्ञान मुलीला सिनेमात काम देण्याचा करार तिच्या वडिलांनी केला होता. निर्मात्याने भूमिका दुसरीला दिली. मुलीने दावा लावला, तेव्हा न्यायालय म्हणालं, करारच शून्य, भरपाई कसली? उद्या अकादमीने कबूल केलेला विमा काढला नाही तर भाच्यालाही हेच ऐकावं लागेल.

आणि बहिणीला सांभाळून राहायला सांगा. पालकाने स्वतःच्या नावाने दिलेली हमी हा वेगळा विषय आहे, ती सज्ञान माणसाची सही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईपलीकडे दंड वसूल होत नाही, हा एक आधार आहे. पण तो सांगायलाही कोर्टाची पायरी चढावी लागते.

पेठेतला स्टॉपर
धन्यवाद वकीलसाहेब, ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. म्हणजे करार शून्य ठरवून भागत नाही. मुलाला हक्क मागता येतील आणि त्याच्यावर बोजा पडणार नाही, असा वेगळा कायदाच हवा. बालकामगार कायद्यात २०१६च्या दुरुस्तीने खेळाला कलाकारांसोबत मुलांना कामावर ठेवण्याच्या बंदीतून सवलत दिली. नियमांत दिवसाला पाच तासांची मर्यादा आली, कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे ठेवायचे असंही आलं. पण तिथे बालक म्हणजे १४ वर्षांखालचा. माझ्या भाच्यासारखी पोरं अकादमीत जातात तीच मुळी चौदा पूर्ण झाल्यावर!

उजवी बगल
कायदा कडक केला की पोरांचं भलं होतं, हे मला पटत नाही. फिफाने १८ वर्षांखालच्यांच्या परदेशी बदलीवर काही अपवाद सोडून बंदी घातली. २०१४ला बार्सिलोनाला त्याच नियमाखाली दोन ट्रान्स्फर विंडोंची, म्हणजे खेळाडू घ्यायच्या दोन हंगामी मुदतींत नवे खेळाडू न घेण्याची, शिक्षा झाली. त्याची झळ बसली पोरांना. जपानच्या ताकेफुसा कुबोला २०१५ला मायदेशी परतावं लागलं. कोरियाच्या ली सुंग-वूला १८ पूर्ण होईपर्यंत अधिकृत सामना खेळता येईना. मेस्सी तेराव्या वर्षी बार्सिलोनात आला तो २०००मध्ये, हा नियम यायच्या आधी. आज तसा मुलगा आला तर त्यालाही परत पाठवाल?

पेठेतला स्टॉपर
कुबोला परतायला घर होतं, खेळायला टोकियोचा क्लब होता. पश्चिम आफ्रिकेतून खोट्या एजंटांनी युरोपात नेऊन रस्त्यावर सोडलेल्या मुलांकडे काय होतं? २०२३ला पोर्तुगालच्या उत्तरेत एका अकादमीवर छापा पडला, परदेशातून आणलेली अल्पवयीन मुलं तिथे सापडली, मानवी तस्करीचा तपास सुरू झाला. नियम असूनही हे घडतं. अपवाद वाढवायचे तर वाढवा, पण बंदी हवीच.

गोलकीपरची आई
तुम्ही सगळे पैशांवर आणि बदल्यांवर बोलताय. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. मी अकादमीत गेले तेव्हा पहिला प्रश्न विचारला, रात्री वसतिगृहात बाईमाणूस कोण असतं? उत्तर देताना समोरचा अडखळला. मी मुलीला घेऊन परत आले.

२०२२ला आपल्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहप्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून युरोप दौऱ्यातून परत बोलावून काढून टाकलं. त्याच वर्षी त्या मुलींना मायदेशात विश्वचषक खेळायचा होता. राष्ट्रीय संघात हे होतं, तर चार खोल्यांच्या अकादमीत काय होत असेल? मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात माहिती असूनही तक्रार न देणं हा गुन्हा आहे, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे. मास्तर, तुमच्याकडे तक्रार कुणाकडे करायची, हे पोरांना माहीत आहे का? आणि दाखले तुमच्याकडे असतील तर ती तक्रार करायला धजावतील का?

मैदानावरचा मास्तर
ताई, दाखल्यांचं तुम्ही म्हणता तसं मी कधी पाहिलंच नव्हतं. पोरगं पळू नये एवढाच हेतू होता. पण घाबरलेल्या पोराला तोच अडसर होईल, हे खरं आहे. मूळ दाखले या आठवड्यात घरोघरी परत करतो, झेरॉक्स ठेवतो. तक्रारीसाठी बाहेरच्या दोन पालकांची नावं आणि फोन नंबर भिंतीवर लावतो.

खर्चाचं कलम मात्र काढणार नाही. व्याज काढतो. मोठे क्लब पैसे द्यायला लागले की सगळंच काढेन.

पेठेतला स्टॉपर
व्याज काढलंत, दाखले देताय, त्याबद्दल मनापासून आभार. पण मोठा क्लब तुम्हाला बुडवतो म्हणून माझ्या बहिणीने भरायचं, हे मला आजही मान्य नाही. भाच्याच्या अकादमीकडे आम्ही तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत: विमा, मूळ दाखला परत, आणि खर्चाच्या कलमातून आईवडिलांचं नाव वगळणं. उत्तर येईपर्यंत सही थांबवली आहे. पोरगं रोज विचारतंय, मामा, कधी जायचं?