अनुभव धागा: एका हातात मावणारा फोन

केवडा: कपाट आवरताना सोनीचा झेड१ कॉम्पॅक्ट सापडला. २०१४चा, ४.३ इंची. मोठ्या झेड१चाच प्रोसेसर, तोच २०.७ मेगापिक्सेल कॅमेरा! लहान म्हणून हात आखडता घेतला नव्हता. आता काय घ्यावं, कसं टिकवावं, लिहा.

मिरजकर: इंच नका बघू, रुंदी बघा. आयफोन ८ होता ४.७ इंची, रुंदी ६७.३ मिमी. १३ मिनी ५.४ इंची, तरी ६४.२. पडद्याभोवतीच्या जाड कडा गेल्या, पडदा लांबट झाला. अंगठा पलीकडे पोचणार की नाही ते रुंदीच ठरवते. कव्हर घातलं की दोन-तीन मिमी वाढतात, तेही धरा.

तिरफळ: २०२२ला ॲपलने नवा मिनी काढलाच नाही, त्याजागी मोठा प्लस. कॅमेरा आणि बोर्ड लहान फोनमध्येही जागा तेवढीच खातात, कापली जाते बॅटरी.

केवडा: आणि असूसचा झेनफोन? १० मध्ये ५.९ इंचात ४३०० एमएएच बसवली होती की. पुढचा ११ अल्ट्रा थेट ६.७८ 😔

सोनटक्का: जुना १३ मिनी घेणार असाल तर सेटिंग्ज > जनरल > अबाउट मध्ये पार्ट्स अँड सर्व्हिस हिस्टरी बघा, बॅटरी नकली टाकली असेल तर तिथे कळतं. बॅटरीची कमाल क्षमता ८०%च्या खाली म्हणजे बॅटरीचा खर्च किमतीतून कमी करायला सांगा. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या, संचार साथी या सरकारी साइटवर तपासा. विकणाऱ्याला ॲपल खात्यातून तुमच्यासमोर साइन आउट करायला लावा, नाहीतर फोन रीसेट करूनही लॉकच राहतो.

मोगरा२: मोठाच फोन गळ्यात पडलाय त्यांच्यासाठी. जीबोर्डच्या (गुगलचा कीबोर्ड) वरच्या चार चौकोनांत वन-हँडेड आहे, कीबोर्ड एका कडेला सरकतो. आयफोनला ॲक्सेसिबिलिटी > टच > रीचेबिलिटी चालू करा, मग तळाच्या कडेवरून बोट खाली ओढलं की वरचा भाग खाली येतो. पोळ्या करताना फार कामाचं. कुकर झाला, येते.

मिरजकर: तिरफळ, तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावणारी सिलिकॉन-कार्बन बॅटरी आल्यापासून ते कारण लंगडं झालंय. वनप्लस १३एस बघा, ६.३२ इंच, ५८५० एमएएच. पण रुंदी ७१.७!! तेवढ्याच तंत्रात ६५ मिमीचा फोन काढा ना कोणीतरी.

तिरफळ: पटलं. काढला तर पहिल्या दिवशी घेईन.

सोनटक्का: कुर्त्यांना खिसा शिवून घेणाऱ्या कोणी आहेत का इथे? किती खोल सांगायचा?

मोगरा२: फोनच्या लांबीपेक्षा दोन इंच जास्त, तोंड तिरकं. अस्तर सुतीच लावायला सांग, सॅटिनवरून फोन घसरतो.